एका घरातली एकच बाई, पण घर कोणतं?

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी गोठ्यात धार काढत. हातातलं काम चालू द्या.

आपल्या बचत गटाचा एक नियम सगळ्यांना पाठ आहे. गटात १० ते २० बाया असाव्यात आणि एका कुटुंबातली एकच बाई असावी. नियम चांगल्यासाठीच केलेला आहे. एकाच घरातल्या तिघी-चौघी गटात बसल्या तर पैसा त्याच घरात फिरतो आणि शेजारची गरजू बाई बाहेर राहते. पण वही उघडून नावं लिहायला बसलं की या नियमाइतकी भांडणं दुसऱ्या कशानं होत नाहीत. हप्ता थकला तरी इतका आवाज चढत नाही.

एका वाड्यात दोन जावा आहेत. दार एक, चुली दोन. दोघींनाही गटात यायचंय. चालेल का? सासू गटात पहिल्यापासून आहे, आता सून म्हणते मलाही यायचंय. चालेल का? आणि सगळ्यांत अवघड म्हणजे नवऱ्यानं टाकलेली, दोन लेकरं घेऊन माहेरी आलेली बाई. तिची भावजय आधीच सभासद. तेव्हा बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "अगं, घर तर एकच ना त्यांचं!" आणि ती बाई मान खाली घालून उठून जाते. असं मी एकदा नव्हे, तीन-चार गावांत पाहिलंय.

म्हणून आज मी या एकाच शब्दावर बोलणार आहे. कुटुंब. आपली जुनी माणसं तर "आमच्या कुटुंबाला बरं नाही" असं म्हणायची, म्हणजे बायको आजारी आहे. एक बाई म्हणजेच अख्खं कुटुंब! बोलण्यात एवढा मान होता, आणि सातबाऱ्यावर नाव मात्र नव्हतं. असो.

कुटुंब कशाला म्हणायचं, ते जातीजातीत आणि मुलखामुलखात कसं बदलतं, याचा अभ्यास करण्यात आपल्याच पुण्यातल्या एका बाईनं हयात घालवली. इरावती कर्वे. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. शाळा पुण्यातली, हुजूरपागा. पुढं जर्मनीला जाऊन शिकून आल्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात शिकवलं. महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या त्या सूनबाई. पण त्यांची ओळख सून म्हणून नाही. गावोगाव फिरून, माणसांत बसून, तुम्ही मामाला काय म्हणता, सासऱ्याला काय म्हणता, पोरगी कुठं देता आणि कुठून आणता, हे त्या विचारत राहिल्या. भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं मोठं इंग्रजी पुस्तक १९५३ साली आलं. आपल्या शेजारच्या फलटणचा आणि त्याच्या आसपासच्या भागाचाही त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर अभ्यास केला होता.

आता मी तुम्हाला एक विचारते. तुम्ही सासूला काय म्हणता?

आपल्याकडं बऱ्याच घरांत सासूला आत्या म्हणतात, आत्याबाई म्हणतात. सासऱ्याला मामा किंवा मामंजी. कधी मनात आलं का, हे असं का? सासू तर परकी बाई, ती आत्या कशी झाली? तर आपल्या भागात मामाची मुलगी करायची रीत जुनी. मुलाला मामाची मुलगी, म्हणजे त्या मुलीला आत्याचा मुलगा. मग तिची सासू खरोखरच तिची आत्या असायची आणि आत्याचा नवरा तिचा मामा. आज नात्यात लग्न झालेलं नसलं तरी हाक तीच राहिली आहे.

आणि गंमत अशी की उलट चालत नाही. आत्याची मुलगी सून म्हणून आणायला आपल्याकडच्या पुष्कळ घरांत नको म्हणतात. एकदा दिलेली लेक तिकडची झाली, तिची मुलगी परत इकडं आणायची नाही. तुम्ही खाली दक्षिणेत गेलात तर तिथं दोन्ही चालतं, आणि काही जातींत तर सख्खा मामाच भाचीशी लग्न करतो. वर उत्तरेत गेलात तर मामाची मुलगी म्हणजे बहीणच, लग्नाचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवतील. आपला महाराष्ट्र या दोन्हींच्या मधे बसलाय, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं, असं इरावतीबाईंनी दाखवून दिलं. आपल्या शेजारच्या मुसलमान घरात चुलत भावंडांचं लग्न होऊ शकतं. आपल्याकडं चुलत म्हणजे सख्ख्यासारखंच. त्यांना आपलं मामाचं नातं ठाऊक आहे, आपल्याला त्यांचं चुलत्याचं. दोघींनीही नाक मुरडायचं कारण नाही. (जवळच्या नात्यातल्या लग्नात काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, ते मात्र सगळ्यांनाच लागू आहे. ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.)

मराठ्यांत देवक बघतात. एक देवक असेल तर सोयरीक नाही. कुणाचं पाचपालवी, कुणाचं कळंब. धनगरात, माळ्यात, रामोश्यात आपापल्या कुळांचे नियम. बौद्ध घरांत १९५६ नंतर पंचांग, हळदीचा मुहूर्त, देवक हे सगळं सोडून बुद्धवंदनेनं लग्न लागू लागलं. म्हणजे रीत बदलताही येते, आणि ठरवून बदलता येते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत फिरलात तर एका दिवसात सात तऱ्हेची लग्नं पाहून याल.

इतक्या तऱ्हा एका जागी आल्या कशा? पाण्यामुळं. निरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला सुरू झाला. त्याआधी हा दुष्काळी मुलूख, ज्वारी-बाजरीचा. कालवा आला तशी माणसं आली. सासवडकडचे बागाईत करणारे माळी आले, व्यापारी आले, गुजर-मारवाडी आले, मजूर आले. पुढं वालचंद हिराचंदांनी कळंब गावाजवळ कारखाना काढला आणि वालचंदनगर उभं राहिलं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथं सहकारी कारखाने झाले. डोनाल्ड अ‍ॅटवूड नावाचे मानवशास्त्रज्ञ माळेगावात राहून गेले, १९७० च्या आसपास. ऊस आल्यावर कुणाची जमीन वाढली, कुणाची गेली, याचा त्यांनी घराघरांतून माग काढला आणि १९९२ साली पुस्तक लिहिलं. उजनी धरण झालं तेव्हा इंदापूरकडची भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, माणसं वर सरकली आणि पाण्यावर मासेमारी करणारी नवी घरं भिगवणच्या बाजूला दिसू लागली.

त्याच्याही आधीचं सांगू? इंदापूर ही मालोजीराजे भोसल्यांची जहागीर. शिवाजी महाराजांचे ते आजोबा. मूल होत नव्हतं म्हणून नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलले आणि दोन मुलगे झाले तेव्हा एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी, अशी कथा चालत आलेली आहे. भोसल्यांच्या पाळण्यात पिराची नावं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता परत आपल्या वहीकडं येऊ.

एकत्र कुटुंब कशाला म्हणायचं याच्या खुणा इरावतीबाईंनी सांगितल्या होत्या. एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं खाणं, मिळकत सामाईक असणं, देव एकत्र पुजणं आणि एकमेकांशी नातं असणं. वाचायला सोपं वाटतं. पण आपल्या गल्लीतल्या घरांना ही फूटपट्टी लावून बघा.

छप्पर घ्या. थोरला मुलगा चाकणला कंपनीत, तिथं खोली करून राहतो. धाकटा बारामती एमआयडीसीत रात्रपाळीला. बापाकडं शेत. दिवाळीला सगळे एकत्र, गव्हाचं पोतं गावाकडून जातं, पगारातले पैसे गावाकडं येतात. छपरं तीन आहेत, आणि वेगळे निघालात का म्हणून विचारलं तर तिघंही रागावतील.

चूल घ्या. जनगणनेत हीच खूण धरतात: जे एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. पण आपल्याकडं चूल वेगळी झाली तरी ताटं इकडून तिकडं जातातच. आणि चूल का वेगळी झाली ते तर कुठल्याच कागदावर येत नाही. रेशनकार्ड वेगळं व्हावं म्हणून गॅस वेगळा केलेली घरं मला माहीत आहेत. खरोखर तोंड बघत नसताना सासऱ्याच्या धाकानं एकाच पातेल्यात शिजवणाऱ्या जावाही माहीत आहेत.

मिळकतीचं तर विचारूच नका. मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क, हे महाराष्ट्रानं १९९४ सालीच कायद्यात आणलं, देशभर २००५ साली झालं, आणि वडील त्या वेळी हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. तरी हक्कसोडपत्रावर सह्या होतच आहेत. माझ्या ओळखीतल्या एकीनं सही केली तेव्हा मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "जमीन घेतली तर भाऊ जाईल. मग दिवाळीला जायचं कुठं?" मला पुढं बोलता आलं नाही. मिळकतीच्या हिशेबात ती त्या घरातली नव्हतीच आणि मनानं तिचं सगळं घर तेच होतं.

राहता राहिला देव. ही खूण सगळ्यांत चिवट. छप्पर, चूल, वावर सगळं वाटलं जातं, देवघरातले टाक मात्र थोरल्याकडं राहतात. लग्न झालं की जागरण-गोंधळाला वाटे झालेले भाऊ पुन्हा एका मांडवात येतात.

जेजुरीचा खंडोबाच बघा ना. शेजारच्या पुरंदर तालुक्यातला, पण आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या किती घरांचं कुलदैवत! म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक. बाणाई धनगराची. देव बाणाईसाठी मेंढरं राखायला राहिला. म्हाळसा गडावर देवाशेजारी आणि बाणाईचं देऊळ चढणीला अर्ध्या वाटेवर. दोघींची भांडणं वाघ्या-मुरळीच्या गाण्यात रंगवून सांगतात. लोक आणखीही तीन बायका सांगतात: एक शिंपीण, एक माळीण, एक तेलीण, आणि तेलिणीच्या जागी कुणी मुसलमानीण सांगतं. म्हणजे जेवढ्या जाती भंडारा लावतात तेवढ्या सोयरिकी देवानं केल्या. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक इकडं येऊन मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांबरोबर हिंडले, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर त्यांनी १९७६ साली पुस्तक लिहिलं. एकत्र हिंदू कुटुंब कायद्यात कसं घडत गेलं, यावरही त्यांचं पुस्तक आहे. देवाच्या दोन बायका आणि कोर्टातलं कुटुंब, दोन्हीचा अभ्यास एकाच माणसानं केला. मला ते फार बरोबर वाटतं. पण देवाच्या दोन बायका गाण्यात शोभतात. माणसाच्या घरात दुसरी आणली की पहिलीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

धनगरांचंच सांगते. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात, पावसाच्या तोंडावर परत. पाच-सहा घरांचा मिळून एक वाडा. बाई घोड्यावर बिऱ्हाड लादते, रोज नवीन रानात तीन दगडांची चूल मांडते. म्हातारी आणि शाळेतली पोरं गावात. आता या घराचं छप्पर कोणतं, चूल कोणती? गटात आलेली धनगरीण सहा महिने बैठकीला येत नाही म्हणून तिचं नाव खोडायचं का? मोबाईलवरून हप्ता येतोय, जाऊ बैठकीला हजर राहतेय, तर मी म्हणते नाव राहू द्या. नियम बसून राहणाऱ्या घरांसाठी लिहिलाय, हिंडणाऱ्या घराची चूक नाही.

आणि कोयता. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. बीडकडून जोडी येते, उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात मिळते, बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, आणि हिशेबात ती अर्धा कोयता. आपल्या बांधाला लागून त्यांची कोपी असते पाच-पाच महिने. तान्हं झाडाला बांधलेल्या झोळीत, मोठी पोरं गावाकडं आजीजवळ. आपण "टोळीवाल्या" म्हणतो आणि पुढं जातो. तिलाही नाव असतं, माहेर असतं, तिच्या गावात कदाचित तिचाही गट असतो. आपल्या गटानं कधी तिला बैठकीला बोलावलंय? निदान पाळीच्या दिवसांत पाणी आणि आडोसा कुठं मिळेल एवढं तरी सांगितलंय?

आता तर लांबून सुना येतायत. विदर्भातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६ वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागं ८९४ मुली होत्या. त्यातली थोरली मुलं आता लग्नाला येऊ लागलीत. मुली मोजूनच कमी केल्या, मग सून जवळ मिळणार कशी? ती पोरगी येते, तिला आपलं बोलणं धड कळत नाही, तिच्या हातची भाजी घरात कुणाला आवडत नाही, आणि तिचे कागद माहेरी राहिलेले. गटात तिला सहा महिने, वर्षभर थांबवतात. "टिकते का बघू." हे शब्द मी कानांनी ऐकलेत. टिकायला कुणाचा तरी आधार लागतो, तोच आधी अडवायचा?

इरावतीबाई वारीला चालत गेल्या होत्या, ज्ञानोबांच्या पालखीबरोबर. त्यावर त्यांनी "वाटचाल" नावाचा लेख लिहिला. दिंडी एक, वाट एक, तोंडात नाव एकाच विठ्ठलाचं, पण मुक्कामाला ब्राह्मणांचं जेवण वेगळं आणि मराठ्यांचं वेगळं. त्यांना ते फार लागलं. मग त्या मराठा बायांच्या पंगतीत जाऊन जेवल्या. आपल्याकडून तुकोबांची पालखी जाते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो. तिथं सगळे एक असतात. पण गटाच्या सहलीला कुणाच्या डब्यातलं कोण खातं, ते तुम्हीच एकदा निरखून बघा.

शेवटचा आणि खरा प्रश्न, माहेरी आलेल्या बाईचा. आपल्या कितीतरी जातींत पूर्वी पाट लावायची रीत होती. विधवा झाली, नवऱ्यानं सोडलं, तर दुसरं घर करता यायचं. वरच्या म्हणवणाऱ्यांत ते नव्हतं, तिथं १८५६ साली कायदा करावा लागला. पुढं झालं असं की चार पैसे आले, घर मोठं झालं, की आपल्या लोकांनीही पाट कमीपणाचा मानून टाकून दिला. होती ती मोकळीक गेली. २०२२ साली कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव ग्रामसभेत केला आणि शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत परित्यक्ता हा शब्द शासनानं वेगळा लिहिला. म्हणजे सरकार दरबारी ती वेगळी बाई आहे. गटाच्या वहीत मात्र ती अजून "भावाच्या घरातली".

आमच्या गटात यावर दोन महिने वाद चालला. शेवटी असं ठरवलं: चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, मग वाडा एक असला तरी दोन्ही जावा येतील. आणि नवऱ्यानं टाकलेली किंवा विधवा बाई आपल्या लेकरांसह माहेरी असेल, तर ती भावाच्या चुलीवर जेवत असली तरी तिचं कुटुंब वेगळं धरायचं. तिचं उत्पन्न वेगळं, तिच्या लेकरांची फी वेगळी, उद्या भावजयीनं दार लावलं तर तिचं संकटही वेगळं. ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, बँकेला प्रत दिली. दोघी नाराज आहेत, अजून आहेत. सासू-सुनेचं मात्र सुटलेलं नाही. एक चूल असताना दोघींना घेतलं तर नियम मोडतो, आणि सासूला काढून सुनेला घेतलं तर त्या घरात भांडण आपण लावल्यासारखं होतं. सध्या सासूबाईंच्या जागी सूनबाई बैठकीला येते, सही सासूचीच. तुमच्या गटात यावर काही तोड निघाली असेल तर आम्हाला कळवा.

एक आठवण राहिली. अन्न सुरक्षा कायद्यात, २०१३ च्या, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या थोरल्या बाईचं नाव लागतं. कार्ड काढून बघा, कुणाचं आहे ते. आणि कार्ड हातात आहेच तर मागच्या बाजूला ज्यांची नावं राहून गेलीत, लांबून आलेली सून, माहेरी आलेली लेक, तान्हं मूल, ती कागदावर लिहून ठेवा. पुढच्या भागात नाव कसं चढवायचं ते सांगणार आहे. तोवर सासूला तुम्ही काय म्हणता आणि का, ते आपल्या गावाच्या नावासकट लिहून पाठवा. नमस्कार.